गोरज, फुफाटा आणि कॅमेरा

डिसेंबरात देवगिरीच्या माथ्यावरून संभाजीनगर शहराच्या दिशेने फोटो काढला की तो हमखास विटका येतो. आभाळ पांढरट, डोंगर राखाडी, मधली घरं धुऊन काढल्यासारखी. मग खापर लेन्सवर फुटतं. "कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्सच ती, तिला कुठली धार!" म्हणून लोक चाळीस हजारांची लेन्स घेतात आणि पुढच्या डिसेंबरात तितकाच विटका फोटो घेऊन खाली उतरतात. लेन्स बिचारी निर्दोष असते. किल्ला आणि शहर यांच्यामध्ये दहा-पंधरा किलोमीटर हवा आहे. फोटो त्या सगळ्या हवेचाही निघतो.

धुरकट हवा दोन उद्योग करते. लांबच्या वस्तूकडून निघालेला प्रकाश वाटेतच उधळून टाकते, आणि सूर्याचा प्रकाश स्वतःच्या कणांवरून उसळवून तुमच्या लेन्सकडे पाठवते. पहिल्याने चित्र फिकं पडतं, दुसऱ्याने त्यावर पांढरा पडदा चढतो. दुसरा उद्योग जास्त नडतो, कारण पडदा सगळ्यात आधी काळ्या रंगाला खातो. काळा कातळ राखाडी झाला की फोटोतला दम गेलाच.

किती दम जातो याचा हिशेब मांडता येतो. हराल्ड कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये सांगितलेला नियम आजही दृश्यमानता मोजायला वापरतात. त्यातून फोटोवाल्यांच्या कामाचे तीन आकडे निघतात. हवेची दृश्यमानता दहा किलोमीटर असेल, तर तिच्या दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे एक किलोमीटरवर, मूळ कॉन्ट्रास्टपैकी (उजळ-गडद यांतल्या फरकापैकी) साधारण ६८ टक्के उरतो. चौथ्या हिश्श्यावर, अडीच किलोमीटरवर, ३८ टक्के. निम्म्यावर, पाच किलोमीटरवर, फक्त १४ टक्के. पूर्ण दहावर २ टक्के, म्हणजे डोळ्याला जेमतेम आकृती कळेल इतकंच. हवा आणखी वाईट होऊन दृश्यमानता चारवर आली, तर ३८ टक्क्यांची मर्यादा एका किलोमीटरवर येते.

म्हणून धुरकट दिवशीचा साधा नियम: दृश्यमानतेच्या चौथ्या हिश्श्यापलीकडचा विषय घेऊ नका. घेतलाच तर त्याची फक्त छायाकृती घ्या. दृश्यमानता ओळखायला यंत्र लागत नाही. नेहमीच्या जागेवरून दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्या, मोबाईलचे टॉवर, साखर कारखान्याचं धुराडं, डोंगराची सोंड यांची अंतरं नकाशावर एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. आज टाकी दिसते आणि टॉवर दिसत नाही, म्हणजे दृश्यमानता त्या दोहोंच्या मधली. झालं.

आता कणांचा आकार, कारण सगळा खेळ त्याचा आहे. हवेचे रेणू प्रकाशलहरीपेक्षा फार लहान असल्याने निळा रंग तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त उधळतात. रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या नियमाने हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घातात बदलतं, म्हणजे निळा साधारण चौपट. स्वच्छ दिवशी लांबचे डोंगर निळे दिसतात ते यामुळेच. धूळ, धूर आणि धुक्याचे कण मात्र अर्ध्या मायक्रॉनपासून दहा-वीस मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे प्रकाशलहरीइतके किंवा तिच्याहून मोठे. ते रंग फारसा निवडत नाहीत, म्हणून पांढरं दिसतं. शिवाय ते प्रकाश चारी बाजूंना सारखा उधळत नाहीत. बहुतेक प्रकाश पुढे, सूर्याच्या विरुद्ध दिशेला ढकलतात. फुफाट्यातून गेलेली एसटी सूर्याच्या बाजूने पाहिली तर मागे मळकट तपकिरी ढग दिसतो. रस्ता ओलांडून सूर्याकडे तोंड केलं की तोच ढग सोन्यासारखा पेटलेला असतो. धूळ तीच, जागा बदलली.

आज हवेत कोणते कण जास्त आहेत हे पाहायची एक सोपी तपासणी आहे. घराच्या कोपऱ्याआड किंवा विजेच्या खांबाआड सूर्य पूर्ण झाकला जाईल असं उभं राहा (सूर्याकडे थेट बघू नका, व्ह्यूफाइंडरमधून तर मुळीच नाही) आणि कोपऱ्याच्या कडेला लागून असलेलं आभाळ बघा. निळं अगदी कडेपर्यंत येत असेल तर हवा स्वच्छ. कडेभोवती हातभर पांढरा डोळे दिपवणारा उजेड असेल तर मोठे कण भरपूर आहेत. अशा दिवशी पोलरायझर पेटीतच ठेवा. हा फिल्टर रेणूंनी उधळलेल्या प्रकाशावर चालतो, आणि तोही सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळात. धुळीच्या पांढऱ्या पडद्यावर त्याचं फारसं चालत नाही, उलट दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) प्रकाश मात्र खातो. वेरूळला जानेवारीच्या धुरकट संध्याकाळी पोलरायझर फिरवत बसलेले दिसतात, ते आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) उगाच वाढवून घेत असतात. यूव्ही फिल्टरने धुरकं कमी होतं हा समजही फिल्मच्या काळातला. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील अडवणारी काच आधीच असते. काचेच्या रक्षणासाठी लावायचा तर लावा, धुरकं कापायला नको.

सूर्य कुठे आणि तुम्ही कुठे, हा प्रश्न लेन्सच्या निवडीआधी सोडवायचा. बीबी का मकबरा याला चांगलं उदाहरण आहे. प्रवेश दक्षिणेकडून, म्हणून समोरून फोटो घेताना तोंड उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे तो तुमच्या पाठीमागे. कणांचा पुढे ढकललेला प्रकाश तुमच्यापासून दूर जातो आणि पडदा सर्वांत पातळ असतो. पांढरा घुमट आभाळात विरघळू नये असं वाटत असेल तर हीच दिशा. मार्च किंवा सप्टेंबरच्या अखेरीस सकाळी सूर्य जवळपास थेट पूर्वेला असतो, तेव्हा उत्तरेचं आभाळ बरोबर ९० अंशांवर येतं आणि पोलरायझरचे पैसे वसूल होतात. मकबऱ्याच्या पांढऱ्यामुळे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो. त्याला सगळं करडं दिसायला हवं असतं, म्हणून घुमट मळका येतो. दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्रामची (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड फुटत नाही ना, एवढं बघा. काळ्या बेसॉल्टवर याच्या उलट: देवगिरीची तटबंदी किंवा औशाचा किल्ला चौकट भरून घेतला तर मीटर काळ्याचं करडं करतो, तिथे दोन तृतीयांश स्टॉप कमी.

आणि आता गोरज. गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ म्हणजे गोरज, आणि ती दिसते म्हणून त्या वेळेला नाव पडलं. फोटोग्राफीत याला बॅकलाइट म्हणतात. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त काढतात. हा फोटो साधायचा कसा ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण यात तेच तीन घोटाळे करतात.

सूर्य क्षितिजापासून पाच ते पंधरा अंश वर हवा. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश, त्यावरून मोजा. कळप तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये हवा, पण सूर्य चौकटीत नको. चौकटीच्या कडेपासून दहा-वीस अंश बाहेर, शक्यतो एखाद्या लिंबाच्या किंवा बाभळीच्या आड. कळपामागे गडद काहीतरी लागतं: सावलीतली झाडांची रांग, ओढ्याचा काठ, गावकुसाची भिंत. पेटलेली धूळ उजळ आभाळावर दिसतच नाही, हा पहिला घोटाळा. बसून किंवा वाकून कॅमेरा मेंढ्यांच्या पाठीच्या पातळीला आणला की मागचं आभाळ चौकटीतून जातं आणि झाडं येतात.

एक्स्पोजर मॅन्युअल. सुरुवातीला एफ ५.६, १/५०० सेकंद, आयएसओ ४००, आणि तिथून हिस्टोग्राम पाहून हलवा. मीटरवर सोडलं तर तो गडद झाडं बघून फोटो उजळ करतो आणि धूळ पांढरी फट्ट पडते. हा दुसरा घोटाळा. धुळीचा सर्वांत उजळ भाग उजव्या कडेच्या जरा अलीकडे राहील इतकंच ठेवा. प्राण्यांचे चेहरे काळे पडतील, पडू द्या. रॉ फाइलमधून (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून) सावलीचा एक-दीड स्टॉप सहज वर येतो, जळालेली धूळ परत येत नाही. तिसरा घोटाळा फोकसचा. ऑटोफोकस धुळीच्या ढगात पुढे-मागे शोधत राहतं. एकच फोकस बिंदू निवडून पुढच्या जनावराच्या शिंगावर किंवा पाठीच्या कडेवर ठेवा, तिथे कॉन्ट्रास्ट असतो. लेन्स हूड लावाच. समोरच्या काचेवर बोटाचा ठसा असेल तर अशा उजेडात सगळा फोटो दुधाळ होतो. मोबाईलच्या बाबतीत तर हे निम्मं दुखणं आहे, कारण त्याची काच दिवसभर खिशात आणि बोटाखाली असते. मोबाईलवर उजळ धुळीवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि मग खाली ओढा. एचडीआर बंद करता आला तर करा, तो सावल्या उपसून सगळी गोरज सपाट करतो.

एकाच फुफाट्यात बाकी काय काय मिळतं? मळणी यंत्रातून उडणारा सोयाबीनचा भुसा, जिनिंगच्या पत्र्याच्या फटीतून येणारी किरणं. सगळीकडे रीत तीच: उजेडाच्या समोर, मागे अंधार. भुशाच्या धुळीत मात्र कॅमेऱ्याआधी नाका-डोळ्यांची काळजी घ्या.

वर्षभराचं म्हणाल तर मराठवाड्यातली हवा महिन्यागणिक वेगळी. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी आणि उघड्या पडलेल्या काळ्या रानातली धूळ. नोव्हेंबरपासून ऊसतोड, पाचट पेटतं, फेब्रुवारी-मार्चात पऱ्हाट्या. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिला चिकटलेली हवा थंड आणि वरची ऊबदार राहते. थंड हवा वर चढत नाही, म्हणून धूर गावावर झाकण घातल्यासारखा अडकतो. त्यात पहाटेची हवा दमट. धुराचे कण पाणी पिऊन फुगतात आणि धुरकं आणखी दाट दिसतं. सूर्य वर आला, जमीन तापली, की साडेनऊ-दहाच्या सुमारास झाकण उघडतं. म्हणजे "सकाळी लवकर जा" हा सल्ला हिवाळ्यात अर्धाच खरा. प्रकाश सकाळी सुंदर, हवा मात्र सर्वांत घाण. जवळचा विषय असेल, हुरड्याची ज्वारी, दवाने भिजलेली जाळी, धुक्यातली बैलगाडी, तर पहाट. बालाघाटाच्या रांगा हव्या असतील तर दुपारी चारनंतरची हवा सहसा बरी. धुक्यात मीटर पुन्हा फसतो, एक स्टॉप वाढवा.

एप्रिल-मे म्हणजे वावटळी आणि वरपर्यंत चढलेली धूळ. मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लातूरपासून संभाजीनगरपर्यंत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच कॅमेरा सावलीतच बरा. पण वळवाचा पाऊस सोडू नका. आधी वाऱ्याबरोबर धुळीची तपकिरी भिंत येते. तेव्हा कॅमेरा पिशवीत आणि तुम्ही झाडाखाली नव्हे तर पक्क्या छताखाली, कारण त्यात विजा असतात. पाऊण तासात सर येऊन गेली की हवा धुऊन निघते आणि पूर्वेला काळंभोर आभाळ, पश्चिमेला तिरपं ऊन अशी जोडी जमते. इंद्रधनुष्य सूर्य ४२ अंशांच्या खाली असला तरच जमिनीवरून दिसतं. मेमध्ये ती वेळ साधारण चारनंतरची. पाठ सूर्याकडे करा आणि थांबा.

मोठ्या अंतराचे फोटो काढायचे खरे महिने ऑगस्ट-सप्टेंबर. पावसाने उघडीप दिल्यावर पहिले काही तास म्हैसमाळवरून जे दिसतं ते पुढे आठ महिने दिसत नाही.

प्रकाश किती वेगाने बदलतो याचा अंदाजही परदेशी व्हिडिओंवरून घेऊ नये. तिकडचा "गोल्डन अवर" खरंच तासाभराकडे जातो, कारण उंच अक्षांशावर सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो. आपल्याकडे, १८ ते २० अक्षांशावर, तो जवळपास सरळ खाली जातो. सहा अंशांवरून क्षितिजापर्यंत यायला पंचवीस मिनिटांच्या आसपास. धुरकट दिवशी तर तो शेवटच्या तीन-चार अंशांत लाल गोळा होऊन पडद्यात विझतो, त्या वेळी सावलीसुद्धा पडत नाही. तेव्हा हातात पंधरा मिनिटं आहेत असं समजा. तो लाल गोळा स्वतः मात्र चांगला विषय आहे. फोकल लांबीला ११० ने भागलं की सेन्सरवर सूर्याचा व्यास मिळतो: ४०० मिमीला साडेतीन मिमीहून थोडा जास्त, ५० मिमीला अर्धा मिमीसुद्धा नाही. मोबाईलवर सूर्य टिकलीएवढा का येतो ते यावरून कळेल. सूर्य दोन मिनिटांत आपल्या व्यासाएवढा सरकतो, म्हणून देवळाच्या कळसामागे बसवायचा असेल तर जागा आधीच धरून ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तांबडेपणाला दोष समजून काढून टाकतो. डेलाइट किंवा ५२०० केल्विनवर बांधून ठेवा.

सूर्य मावळल्यावर उजेड साधारण तीन मिनिटांना एक स्टॉप या वेगाने उतरतो. डोळे सरावतात म्हणून हे कळत नाही. दिवेलागणीला गावाचा फोटो स्टँडवर घेत असाल, तर दर दोन-तीन शॉटनंतर हिस्टोग्राम बघून शटर दुप्पट करत चला. श्रावणात याच्या उलट: ढग सूर्यावर आला की क्षणात दोन-तीन स्टॉप जातात आणि मिनिटात परत येतात. तिथे मॅन्युअलचा हट्ट नको. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, ऑटो आयएसओ, शटरची किमान मर्यादा १/२५०, असं लावून नजर विषयावर ठेवावी.

वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला. सकाळी कडा स्वतःच्याच सावलीत असतो, दुपारनंतर ऊन दर्शनी भागावर येतं. म्हणून पहाटे उठून धावत येणारे हिरमुसतात (मंगळवारी लेणी बंद, हे वेगळंच). पण सावलीतली सकाळ टाकाऊ नाही. आभाळाचा सारखा पसरलेला उजेड कोरीव कामाला चांगला, फक्त तो निळसर असतो; व्हाइट बॅलन्स ७००० केल्विनच्या आसपास न्या. कैलासच्या प्रांगणात सूर्याची उंची महत्त्वाची. डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य ४७ अंशांवरच, म्हणजे कोणत्याही भिंतीची सावली जवळपास तिच्या उंचीएवढी लांब. दक्षिणेकडचा कडा प्रांगणाचा मोठा भाग झाकतो आणि उन्हा-सावलीतला फरक एका एक्स्पोजरमध्ये मावत नाही. दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घेऊन जोडा, किंवा पातळ ढगाची वाट बघा. मळभ आलं की निराश होऊ नका. तोच खरा स्टुडिओ.

लांबच्या पक्ष्यांसाठी वेगळाच शत्रू आहे, हवेची थरथर. नाथसागराच्या काठावरून रोहित (फ्लेमिंगो) किंवा पट्टकदंब हंस ५०० मिमीने टिपताना चेहरे मऊ येतात आणि पुन्हा लेन्सची चौकशी सुरू होते. तापलेल्या गाळावरून वर चढणारी हवा प्रकाश वाकवते. शटरचा वेग वाढवून हलका वाकडेपणा थांबतो, मऊपणा जात नाही. थंडीत तर पहाटेसुद्धा पाणी हवेपेक्षा गरम असतं, म्हणून पाण्यालगत थरथर तेव्हाही असते. उपाय तीनच: अंतर शंभर मीटरच्या आत आणणं, ढगाळ दिवस निवडणं, आणि एका दृश्याचे वीस-तीस फोटो घेऊन त्यातला एखादा धारदार निवडणं. गाडीच्या काचेतून काढत असाल तर एसी किंवा हीटर बंद करून दहा मिनिटं काच उघडी ठेवा. खिडकीशी भिडणाऱ्या गरम-थंड हवेनेच अर्धा फोटो जातो.

संगणकावर डीहेझची (धुरकं कमी करणारी) पट्टी ओढून सगळं सुधारेल या भरवशावर राहू नका. ३८ टक्के उरलेला कॉन्ट्रास्ट पूर्ण करायचा म्हणजे तो अडीच पटीहून जास्त ताणायचा, आणि त्याबरोबर नॉइझही तितकाच ताणला जातो. म्हणून धुरकट दृश्यात आयएसओ १०० आणि हिस्टोग्राम उजवीकडे सरकवून घेतलेला फोटोच पुढे टिकतो. सगळ्या फोटोवर डीहेझ लावलं तर जवळची झाडं कोळसा होतात, आभाळ जांभळट पडतं आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उठते. आधी काळा बिंदू ओढा, मग फक्त लांबच्या भागावर मास्क घालून १५ ते २५ पर्यंत डीहेझ, मग त्या भागातला निळा थोडा उतरवा. १४ टक्क्यांच्या पलीकडचं सोडून द्या, किंवा कृष्णधवल करा.

शेवटी ती धूळ कॅमेऱ्यातही जाते. रानात लेन्स बदलायचीच झाली तर कॅमेरा बंद करून, वाऱ्याकडे पाठ करून, तोंड खाली धरून बदला. काच पुसताना आधी रबरी फुंकणीने हवा, मग मऊ ब्रश, मग कापड. आधी कापड फिरवलं, आणि तेही उपरण्याचं, तर धुळीतले कडक कण काचेवर चरे पाडतात. सेन्सरवर डाग आहेत का ते पाहायला एफ १६ वर, फोकस विस्कटून, मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. एफ ४ ला न दिसणारे डाग तिथे काळे ठिपके होऊन उभे राहतात. ठिपका फोटोत वर डावीकडे असेल, तर समोरून बघताना सेन्सरवर तो खाली डावीकडे असतो. फुंकणी तिथे मारा, कॅमेरा पालथा धरून. तोंडाने फुंकू नका.